वॉन्टेजच्या मठातली मराठी विद्यार्थिनी : पंडिता रमाबाई आणि परदेशी शिकायला निघालेली आपली मुलं

एप्रिल महिना आपल्याकडे जयंतीचा. ११ तारखेला जोतीराव, १४ तारखेला बाबासाहेब. सांगली-मिरजेच्या वस्त्यांमध्ये मंडप पडतात, निळे झेंडे लागतात, व्याख्यानं होतात. याच महिन्यात आणखी एका व्यक्तीचा जन्मदिन आणि स्मृतिदिनही येतो, पण आपल्या विहारांत तिची आठवण सहसा कुणी काढत नाही. पंडिता रमाबाई २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. जन्माने ब्राह्मण, नंतर धर्माने ख्रिस्ती. मग बौद्ध तरुणांसमोर त्यांचं चरित्र कशासाठी, असं कुणीही विचारेल.

कारण सांगतो. गेली काही वर्षं आम्ही सांगली जिल्ह्यातल्या मुलामुलींना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मदत करतो. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, विद्यापीठाचं ऑफर लेटर, सगळी कागदपत्रं एकदाची जुळतात. मग आई-वडील हळूच विचारतात, पोरगं तिकडं जाऊन बदलणार तर नाही ना? या प्रश्नाला आम्ही हसून उत्तर देत आलो. पण एका सेमिस्टरसाठी युरोपात गेलेल्या आमच्या ओळखीच्या एका मुलीचा एकदा रात्री उशिरा फोन आला. ती ज्या कुटुंबात राहत होती ते कुटुंब दर रविवारी तिला चर्चला नेत असे. माणसं फार प्रेमळ. तिला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी. नाही म्हटलं तर कृतघ्नपणा वाटतो आणि हो म्हटलं तर खोटेपणा, असं तिचं म्हणणं होतं. काय करू, असं तिने विचारलं. आम्हाला त्या रात्री नीट उत्तर सुचलं नाही.

नंतर रमाबाईंचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. कारण हाच पेच १४० वर्षांपूर्वी एका मराठी बाईने इंग्लंडमध्ये सोसला होता, आणि तो किती खोल असतो हे तिच्याइतकं क्वचितच कुणी दाखवलं असेल.

पायी तुडवलेला देश

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळी हा अपराधच होता. धर्मपंडितांनी जाब विचारला. शास्त्रीबुवांनी वाद घातला, पण शेवटी माणसांपासून दूर सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथेच रमाबाईंचा जन्म झाला. आईने पहाटे उठवून मुलीला संस्कृत शिकवलं. पुढे आलेल्या-गेलेल्यांच्या पाहुणचारात पैसा संपला, कर्ज झालं आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. पुराणं सांगायची, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं आणि पुढच्या तीर्थाची वाट धरायची. रमाबाईंचं बालपण असं चालण्यातच गेलं.

मग मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. व्रतं केली, देवांना नवस केले, होतं नव्हतं ते दान केलं. पोटात मात्र अन्न नव्हतं. १८७४ पासूनच्या त्या काळात आधी वडील गेले, मागोमाग आई गेली, थोरली बहीण गेली. आई गेली तेव्हा खांदा द्यायला पुरेशी माणसं आली नाहीत. दोन ब्राह्मण मिळाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी, म्हणून तिरडीचं टोक त्यांना डोक्यावर घ्यावं लागलं. स्मशान सुमारे तीन मैल दूर होतं. ज्या धर्मासाठी या कुटुंबाने आयुष्य वाहिलं, त्या धर्माची माणसं अखेरच्या वेळी एवढीच मिळाली.

भाऊ-बहीण पुन्हा चालू लागले. हजारो मैल. मनातली श्रद्धा हळूहळू गळत होती. १८७८ साली दोघं कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली, तिचं संस्कृत ऐकून थक्क झाले आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. कलकत्त्यातच त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती प्रार्थना पाहिली. लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसलेले पाहून त्यांना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय. ही गोष्ट पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

शास्त्रं वाचली आणि विश्वास उडाला

कलकत्त्यात स्त्रियांपुढे व्याख्यानं द्यायची म्हणून रमाबाईंनी धर्मशास्त्रं मुळातून वाचायला घेतली. त्यांना दिसलं की ही पुस्तकं शंभर बाबतींत एकमेकांशी भांडतात, पण दोन बाबतींत त्यांचं एकमत आहे. एक म्हणजे, बाई वरच्या जातीची असो की खालच्या, ती मुळातच वाईट. दुसरी म्हणजे, शूद्राला स्वतःच्या बळावर मोक्षाचा मार्ग नाही. तिथून त्यांचा ब्राह्मणी धर्मावरचा विश्वास उडाला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच्या जवळपास ५० वर्षं आधी एका संस्कृत पंडितेला त्याच पुस्तकांत तेच सापडलं होतं, हे आपल्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावं.

१८८० साली भाऊ श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी जूनमध्ये रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. ब्राह्मणांच्या हिशेबात ते शूद्र. म्हणजे हे जातीबाहेरचं, धर्मविधीशिवायचं लग्न होतं. १८८१ साली मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरात तान्ही मुलगी, माहेर नाही, सासर नाही.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली, मुलींसाठी शिक्षिका हव्यात, बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात हे ठासून सांगितलं. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. डॉक्टर व्हायचं, म्हणून इंग्लंडला जायचं ठरवलं. प्रवासाचा पैसा त्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. राहण्याची सोय वॉन्टेज या गावी, सेंट मेरी द व्हर्जिन या ख्रिस्ती भगिनींच्या मठात झाली. फुकट राहायचं नाही, भारतात येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात इंग्रजी शिकायचं, असा व्यवहार होता. आपण ख्रिस्ती होणार नाही, हेही त्यांनी निघण्याआधी स्पष्ट केलं होतं.

१८८३ : दोन विद्यार्थिनी

१८८३ हे साल मोठं विलक्षण आहे. त्या एकाच वर्षी दोन मराठी स्त्रिया डॉक्टर होण्यासाठी समुद्र ओलांडून गेल्या. आनंदीबाई जोशी अमेरिकेला, रमाबाई इंग्लंडला. जाण्यापूर्वी आनंदीबाईंनी सेरामपूरला भर सभेत सांगितलं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्यांनी शब्द पाळला. रमाबाईंच्या बाबतीत वेगळं घडलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडला पोहोचून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

त्या आधीच्या काही महिन्यांत काय काय घडलं ते पाहिलं पाहिजे. सोबत आलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, तिथेच आत्महत्या केली. परका देश, परकी भाषा, धर्म जाईल ही भीती, यांचा ताण त्यांना पेलला नाही. रमाबाई मुळापासून हादरल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचं शिक्षण घेता येणार नाही हेही कळलं. ज्यासाठी आलो तेच हातातून गेलं. आणि त्याच काळात मठाच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम इथलं आपलं काम दाखवलं. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा होता, माया होती, पुन्हा उभं राहण्याची संधी होती. इतक्या वर्षांत इतकं चाललो, इतकी तीर्थं पाहिली, पण पतित म्हटलेल्या बाईशी धर्माच्या नावाने कुणी असं वागताना आपण पाहिलं नाही, हे रमाबाईंना जाणवलं. हे बळ कुठून येतं, असं विचारल्यावर भगिनींनी येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. पुण्यातले फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या लिखाणाचाही परिणाम झाला होता.

इथे आम्हाला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली. फुलहॅमला जे पाहून रमाबाई हेलावल्या, तसं काम त्यांच्या वीस वर्षं आधी पुण्यात झालं होतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणं सावित्रीबाईंनी केली. त्यांतलाच एक मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. पण पुण्यात रमाबाईंचा वावर होता तो रानडे-भांडारकरांच्या वर्तुळात.

दुसरी. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गमावलेली ही बाई वाचताना आम्हाला पटाचारा आठवते. तिचंही सगळं कुटुंब गेलं होतं आणि तथागतांनी तिला संघात आसरा दिला. थेरीगाथेत तिचा आवाज आजही आहे. पण १८८३ साली मराठी वाचकाच्या हाती बुद्ध होता कुठे? केळुसकर गुरुजींचं बुद्धचरित्र आलं १८९८ साली. धर्मानंद कोसंबी पाली शिकायला सिंहलद्वीपाला गेले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. रमाबाईंसमोर धम्माचा दरवाजा उघडाच नव्हता. त्यामुळे त्या ख्रिस्ती झाल्या यावर आपण नाक मुरडण्यात अर्थ नाही.

खरी झुंज बाप्तिस्म्यानंतर

बाप्तिस्मा घेतला आणि रमाबाई निमूट झाल्या, असं घडलं नाही. उलट खरे प्रश्न तिथून सुरू झाले. १८८४ ते १८८६ त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये होत्या. तिथे संस्कृत शिकवायच्या आणि गणित, विज्ञान, इंग्रजी साहित्य शिकायच्या. प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी आणि वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. सिस्टर जेराल्डाइन त्यांच्या धर्ममाता होत्या. ही पत्रं आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. परदेशी शिकायला जाणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावीत.

भांडणाचे विषय वरवर लहान दिसतात. रमाबाई मांस खात नसत, अंडं घातलेलं पुडिंगही खात नसत. भगिनींना त्यात जातीचा जुना अभिमान दिसे. रमाबाईंचं म्हणणं, खाण्याचा आणि येशूवरच्या विश्वासाचा काय संबंध? गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. त्या म्हणाल्या, लॅटिन मला येत नाही, माझ्या लोकांनाही येत नाही, मग ती अक्षरं संस्कृतात का नकोत? साडी त्यांनी सोडली नाही. ख्रिस्ती झाले म्हणजे इंग्रज झाले नाही, हा त्या सगळ्यामागचा मुद्दा होता.

मग मोठा प्रश्न आला. चेल्टनहॅमला त्यांनी मुलग्यांनाही शिकवावं का? मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. बाईने पुरुषांना शिकवलं तर भारतात तिचं वजन कमी होईल, असं कारण दिलं गेलं. ज्या बाईने कलकत्त्यात आणि पुण्यात भरल्या सभेत पुरुषांपुढे व्याख्यानं दिली, तिला हे सांगितलं जात होतं. रमाबाईंनी उलट विचारलं, माझ्या देशात मी काय करावं हे ठरवणारे हे कोण?

आणि सगळ्यात खोल वाद श्रद्धेचा. त्रैक्याचा सिद्धांत, येशूचं देवपण, चमत्कार, चर्चचे धर्मगुरू सांगतात ते मुकाट मानायचं की नाही, या प्रत्येकावर रमाबाईंनी प्रश्न केले. स्वतः बायबल वाचायचं, स्वतःच्या सदसद्विवेकाला पटेल तेवढंच घ्यायचं, ही त्यांची भूमिका. सिस्टर जेराल्डाइनना हा अहंकार वाटला. आज्ञापालन शिका, नम्र व्हा, असा उपदेश सुरू झाला. त्यावर रमाबाईंचं उत्तर थोडक्यात असं होतं, की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मी नुकतंच मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. मनोरमेला कोणती शिकवण कशी द्यायची हेही आई म्हणून आपणच ठरवणार, हे त्यांनी बजावून सांगितलं.

आता हे सगळं कुठल्या परिस्थितीत चाललं होतं ते पाहा. राहणं त्यांच्या घरात. शिक्षणाची सोय त्यांच्या ओळखीने. मुलगी सांभाळायला त्यांच्याकडे. परतीचं भाडंही खिशात नाही. समाजशास्त्र शिकताना आम्ही अवलंबित्व आणि सत्तासंबंध या विषयांवर बरंच वाचलं, पण रमाबाईंच्या त्या तीन वर्षांएवढं चांगलं उदाहरण वर्गात मिळालं नाही. ज्यांच्या ताटात जेवायचं त्यांच्याशी देवाबद्दल वाद घालायचा, आणि तरीही त्यांची माया नाकारायची नाही. रमाबाईंनी हे साधलं. सिस्टर जेराल्डाइनशी त्यांचं नातं ताणलं, पण तुटलं नाही. उपकार मान्य केले, कृतज्ञता ठेवली. त्या बदल्यात बुद्धी मात्र गहाण टाकली नाही.

कटगुणच्या घराण्यातला पाठीराखा

इकडे पुण्यात बाप्तिस्म्याच्या बातमीने गदारोळ झाला होता. काल ज्यांनी पंडिता म्हणून डोक्यावर घेतलं, त्यांनीच आज विश्वासघातकी ठरवलं. अशा वेळी रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले जोतीराव फुले. सातारा जिल्ह्यातलं खटाव तालुक्यातलं कटगुण हे त्यांच्या घराण्याचं मूळ गाव. १८८५ साली त्यांनी 'सत्सार' काढलं आणि पहिल्याच अंकात रमाबाईंच्या धर्मांतराचा विषय घेतला. त्यांचा मुद्दा सरळ होता. जी बाई शास्त्रं मुळातून वाचून, त्यात स्त्रिया आणि शूद्रांबद्दल काय लिहिलं आहे ते समजून त्या धर्मातून बाहेर पडली, तिला दोष देण्याआधी त्या शास्त्रांकडे पाहा. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांची वाट सार्वजनिक सत्यधर्माची होती. पण दुसऱ्याने विचार करून निवडलेल्या वाटेचा मान कसा राखायचा, हे त्यांनी दाखवून दिलं.

परत आल्यावर

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहायला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. समोर रमाबाई बसल्या होत्या. एक हिंदू राहिलेली, एक ख्रिस्ती झालेली. दोघींच्या मैत्रीत धर्म आडवा आला नाही. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात वारल्या.

रमाबाई काही आठवड्यांसाठी गेल्या होत्या, पण अमेरिकेत जवळपास तीन वर्षं राहिल्या. बालवाडीचं शास्त्र शिकल्या, गावोगाव व्याख्यानं दिली. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ उभं राहिलं. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई या तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. सदनात धर्माची सक्ती नाही, जिने तिने आपले आचार पाळावेत, असा नियम होता. सदन पुण्याला हललं. १८९३ साली काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाई थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी शेकडो उपाशी मुली केडगावला आणल्या. मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार माणसं होती. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंधांचं शिक्षण, सगळं बायकांच्या हाती. १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारी छावण्यांत बायकांची होणारी विटंबना त्यांनी जाहीरपणे मांडली, राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून गप्प बसल्या नाहीत. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. १९२१ साली मनोरमा गेली. आयुष्यभर माणसं गमावत आलेल्या या आईने शेवटी मुलगीही गमावली. नऊ महिन्यांनी त्या स्वतः गेल्या.

आमचे दोन आक्षेप

थोर माणसाची आरती करणं हे आपल्या परंपरेत बसत नाही, म्हणून जे खटकतं तेही सांगतो.

पहिला आक्षेप. रमाबाईंच्या गाजलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच उच्चवर्णीय स्त्री आहे. शास्त्रांनी शूद्रांचं काय केलं हे त्यांना दिसलं होतं, तरी सुरुवातीच्या कामात आपल्या आज्या-पणज्या कुठे दिसत नाहीत. सगळ्या जातींच्या मुली त्यांच्याकडे आल्या त्या दुष्काळामुळे.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा. वॉन्टेजला ज्या बाईने आश्रयदात्यांच्या धर्मगुरूंपुढे मान तुकवली नाही, तिच्याच केडगावला पुढे सगळं वातावरण ख्रिस्ती उपासनेचं झालं. उपाशी आलेल्या, दुसरं घर नसलेल्या मुलीला तिथे रमाबाईंसारखा प्रश्न विचारण्याची कितपत मोकळीक होती? आसरा देणाऱ्याचा धर्म नाकारणं किती कठीण असतं, हे रमाबाईंपेक्षा कुणाला ठाऊक होतं? त्यांनी हजारो जीव वाचवले, हे मान्य करूनच आम्ही हा प्रश्न विचारतो. आणि हाच प्रश्न आपल्या हॉस्टेलांना, आपल्या विहारांना, आपल्या घरांनाही विचारतो. २२ प्रतिज्ञा आपण पोरांकडून पाठ करून घेतो. त्यांतल्या एकीवर तरी त्यांना शंका विचारू देतो का?

सातारा ते न्यूयॉर्क

बाबासाहेबांची वाट या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. साताऱ्यात आई भीमाबाई गेली. साताऱ्याच्याच सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचं नाव दाखल झालं. तो दिवस आज विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या शिष्यवृत्तीला दहा वर्षं नोकरीचा करार जोडलेला होता. मुदत संपली तसं १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं आणि बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. दुसऱ्याच्या पैशाने शिकण्याची किंमत त्यांनाही कळली होती. १९३५ साली येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केल्यावर नाना धर्मांची माणसं त्यांच्याकडे आली. त्यांनी कुणाला घाईने होकार दिला नाही. ख्रिस्ती झालेल्यांतही जात उरते, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. अभ्यास करत २१ वर्षं घेतली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली.

रमाबाईंनी आधी धर्म घेतला आणि मग प्रश्न विचारले. बाबासाहेबांनी आधी प्रश्न विचारले आणि मग धम्म घेतला. दुसरी वाट अधिक भक्कम, असं आमचं मत. पण प्रश्न विचारायचं दोघांनीही सोडलं नाही. कालामांना तथागतांनी हेच सांगितलं होतं : परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावर काही मानू नका, स्वतः तपासून घ्या.

म्हणून जाणाऱ्या मुलामुलींना आता आम्ही इतकंच सांगतो. जायच्या आधी आपला धम्म इथेच उलटसुलट विचारून घ्या. घरी कधी न तपासलेली श्रद्धा तिकडच्या पहिल्या प्रेमळ घरात डळमळते, किंवा भीतीने कडक होते. चर्च पाहा, मशीद पाहा, ज्यू मित्रांच्या सणाला जा. माणसं चांगली असतील तर त्यांना चांगलं म्हणा. कुणाचे उपकार झाले तर ते उपकार म्हणूनच फेडा, श्रद्धेने फेडू नका. आणि एकटेपण असह्य झालं तर लगेच कुणाला तरी फोन करा. आनंदीबाई भगत यांना तशी सोय नव्हती, तुम्हाला आहे.

त्या मुलीला आम्ही दोन दिवसांनी परत फोन केला आणि रमाबाईंची गोष्ट सांगितली, पुडिंगची आणि क्रूसावरच्या अक्षरांचीही. पुढच्या रविवारी ती त्या कुटुंबासोबत चर्चला गेली, मागच्या बाकावर शांत बसली, प्रार्थनेचे शब्द मात्र म्हटले नाहीत. घरी येऊन तिने त्यांना सांगितलं की मी बौद्ध आहे, आणि का आहे. ते ऐकून त्या घरच्या बाईने तिला विचारलं, वैशाख पौर्णिमेला तुमच्याकडे काय करतात? त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला त्या घरात खीर झाली. खीर त्या मुलीनेच केली होती.

जय भीम. नमो बुद्धाय.